युरोप संपेपर्यंत

मॅचच्या दिवशी काकांच्या घरी कुकर भुकेसाठी लागत नसे. आमच्या शहराचा फुटबॉल क्लब घरच्या मैदानावर खेळणार असला की काका सगळ्या खिडक्या लावून घेत, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर पंखा पूर्ण वेगात सोडत आणि गॅसवर तुरीची डाळ चढवत. ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा. मैदान आमच्या गल्लीपासून मैलभर आहे. गोल झाला की तिथला जल्लोष छपरांवरून थेट घरात येतो, आणि टीव्हीवरचं चित्र इंटरनेटवरून येत असल्यामुळे मागाहून पोचतं. मी एकदा टायमर लावून फरक मोजला होता. चाळीस सेकंद, थोडं इकडेतिकडे. काकांना आकडा सांगितला तर म्हणाले, "ज्योती, रोगाचं माप घेतलंस. औषध माझ्याकडे आहे." औषध म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. हाफटाइमपर्यंत त्या डाळीचं पार पाणी झालेलं असे, आणि ते आम्ही वाट्यांतून पीत असू.

मराठी मंडळात सगळे त्यांना एक्स-रे काका म्हणत. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शिकून ते इकडे विलायतेत आले आणि इथल्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट म्हणून रिटायर झाले. आमची घरं भिंतीला भिंत लागून. समोरच्या खोलीत एका कोनाड्यात बुद्धमूर्ती, शेजारी काकूंचा फोटो, आणि मध्ये टीव्ही. गुडघे गेल्यावर स्टेडियमच्या पायऱ्या चढणं बंद झालं, तेव्हापासून त्यांचा सीझन त्या खोलीत चाले. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, फुटबॉलचं प्रेम नाही. म्हणून काकांच्या शेजारची खुर्ची माझी.

मी इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, बजेटचं काम करते. आकडे जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही. क्लबला किती पॉइंट हवेत, कोण हरलं तर आपण वर सरकतो, हे मी सांगू लागले की काका हात वर करत. "तुझं गणित चुकत नाही, हाच त्याचा दोष आहे. मला मॅच बघू दे." त्यांची स्वतःची वर्गवारी वेगळी होती. "लीग म्हणजे नोकरी. रोज जायचं, मधूनमधून शिव्या खायच्या. कप म्हणजे लग्नाचं बघायला जाणं, एका संध्याकाळी निकाल. आणि युरोपातली स्पर्धा म्हणजे परमुलखातली ओळख. किती टिकेल सांगता येत नाही, म्हणून जोवर आहे तोवर नीट बोलावं."

बातमी आधी कळू नये याबाबत ते फार कडक होते. घरात शिरताना फोन भाकरीच्या डब्यात टाकावा लागे. एकदा मिलिंद समोसे घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "काका, अभिनंदन!" टीव्हीवर आमचा गोलकीपर अजून चेंडू हातात घेऊन उभा होता. काकांनी समोसे घेतले, पण त्याला बस म्हटलं नाही. "मिलिंद, तू मला गोल नाही आणलास. बातमी आणलीस."

"अहो काका, एकच ना ते?"

"समोसा आणि समोशाचं बिल एकच का?"

पलीकडच्या घरातल्या मॉरीनकडे केबल होती, तिला गोल आमच्याआधी दिसे आणि ती पातळ भिंतीपलीकडून किंचाळे. काका एका रविवारी फुलं घेऊन तिच्याकडे गेले आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "मॉरीन, तुम्ही जरा किचनमध्ये जाऊन आनंद कराल का?" ती हसून हसून लाल झाली. पण ऐकलं तिनं. तेव्हापासून तिच्या पायांचा धडधड आवाज मागच्या बाजूला जाई, दार आपटे, मग काहीच नाही. काका त्या पावलांकडेही कान बंद करत. मला मात्र ती ऐकू येत.

एवढा आटापिटा कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आयुष्यभर त्यांना इतरांच्या आधी कळत आलं होतं. माणूस बाहेर बाकावर बसून सँडविच खात असे आणि आत काकांच्या पुढ्यात त्याची फिल्म लागलेली असे. मग एका दुपारी गठ्ठ्यातली एक फिल्म त्यांनी लावली, बघितली, आणि नंतर नाव वाचलं. नाव काकूंचं होतं. फिल्म त्यांनी सहकाऱ्याकडे दिली आणि ते घरी आले. काकू भाकरी थापत होत्या. नेहमीसारख्या बोलत होत्या. "एवढे गप्प का आज?" म्हणाल्या. काका म्हणाले, "मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, ज्योती. तेवढा वेळ ती मागे राहिली होती आणि मी पुढे निघून गेलो होतो. तसा एकटा मी नंतर ती गेल्यावरही नव्हतो."

आता त्या सीझनबद्दल. क्लब पहिल्यांदाच युरोपात, म्हणजे परदेशी क्लबांविरुद्ध खेळत होता, तिथल्या सर्वांत लहान स्पर्धेत का होईना. देशातला एक कप आम्ही पहिल्याच फेरीत, खालच्या डिव्हिजनच्या टीमकडून घरच्या मैदानावर घालवला. दुसरा जानेवारीत पेनल्टींवर गेला. लीगमध्ये गुरुवारी युरोप आणि रविवारी सामना असं करून पोरं दमली, आणि फेब्रुवारीत आमचं नाव तळाजवळ घुटमळू लागलं. युरोपात मात्र क्लब जिंकत राहिला. परदेशातल्या सामन्याला काका खुशीत असत. शहर शांत, छपरांवरून काही यायचं नाही, म्हणून खिडक्या सताड उघड्या. थंडीनं मी शाल पांघरून बसे. ते म्हणत, "आज जग आणि आपण एकाच घड्याळावर आहोत."

त्याच फेब्रुवारीत त्यांचं पोट दुखू लागलं आणि स्कॅन झाला. काकांनी कन्सल्टंट डॉक्टरला बजावलं, की जे काय निघेल ते माझ्या मुलाला सांगा. माझा क्लब अजून युरोपात आहे. तो बाहेर पडला की मी ऐकेन. तोपर्यंत एक शब्दही नको.

त्यांचा मुलगा राहुल ब्रॅकनेलला असतो, आयटीमध्ये. जन्म इथलाच. मार्चमध्ये त्याचा मला फोन आला. "ज्योतीताई, रिपोर्ट आली. चांगली नाही आहे. कॅन्सर लिव्हरमध्ये पण गेली आहे. कन्सल्टंट म्हणाली, मंथ्स."

मी विचारलं, "थांबल्यानं काही बिघडेल का?"

"नाही. ट्रीटमेंटने जास्त फरक नाही पडणार, ती म्हणाली."

मी तेच पुन्हा विचारलं. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, "ताई, हा युरोप कधी संपते?"

तेव्हापासून आम्ही दोघं एकाच गोष्टीची वाट बघत होतो, किंवा खरं तर ती येऊ नये म्हणून बघत होतो. क्लब जिंकला की काकांना सांगणं पुढच्या फेरीपर्यंत ढकललं जाई. ज्या राहुलला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तो पुढच्या फेरीचा ड्रॉ निघाला की विचारू लागला, "पुढची टीम स्ट्राँग आहे का?" आणि मी काकांच्या शेजारी बसून, शिट्ट्यांच्या आवाजात, वरणाची वाटी हातात धरून, त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता टीव्ही बघत असे. ते मॅच बघत होते. मी आधीच बाहेरून आवाज ऐकून आले होते.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला मी त्यांना कॉव्हेंट्रीला घेऊन गेले. त्यांचा सूट खांद्यांवरून सैल झाला होता. हॉलमध्ये कोणीतरी हात धरून म्हणालं, "जय भीम, काका! तब्येत काय म्हणते?"

"जय भीम. अजून युरोपात आहे," काका म्हणाले. सगळे हसले. मी चटण्यांचे डबे मोजायला लागले.

उपान्त्यपूर्व फेरीही निघाली. उपान्त्य फेरीचा पहिला सामना परदेशात होता. आम्ही १–२ हरलो. परतीचा सामना घरी, आणि दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र धरायचे. एका गोलानं जिंकलो तर जादा वेळ, दोननं जिंकलो तर फायनल. हे गणित मी सांगितलं नाही. राहुलला मात्र सांगावं लागलं. तो म्हणाला, "म्हणजे नाही जिंकलो तर मला सॅटर्डेला यायला लागणार."

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे डाळ धुऊन ठेवली. काका सोफ्यावर उशीला टेकून होते. म्हणाले, "कुकर नको आज. खिडकी उघड."

"काका, आज? घरची मॅच आहे."

"माहीत आहे कुठली मॅच आहे ते. उघड."

मी उघडली. मे महिन्याचा उजेड अजून होता. मैदानाकडून सतत एक घुमणं येत होतं, समुद्र दूर असावा तसं. टीव्हीवरचा आवाज आणि तो आवाज कुठेच जुळत नव्हते. शून्य-शून्यवर दुसरा हाफ संपत आला. आणि मग बाहेरून तो आवाज आला. जल्लोष नव्हता. हजारो माणसं एकदम उठली, आवाज चढत गेला, आणि टोकाला पोचून खाली कोसळला. लांबलचक "ओऽऽह". पलीकडे मॉरीनची पावलं किचनपर्यंत गेलीच नाहीत.

टीव्हीवर आमचा उजवीकडचा पोरगा नुकताच चेंडू घेऊन निघत होता.

"बघ," काका म्हणाले. "त्याला अजून वाटतंय जाईल."

तो धावला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. इतका सुंदर धावत होता तो. आम्ही दोघं बघत होतो. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि टीव्हीतून तोच आवाज, मघाचाच, पुन्हा आला.

काकांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. "तुला कधीपासून माहीत आहे?"

नाटक करण्यात अर्थ नव्हता. "मार्चपासून."

"मला फेब्रुवारीपासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. स्कॅन झाल्यावर त्या रेडिओग्राफर मुलीनं मला कोट चढवायला मदत केली. बटणंसुद्धा लावली. अगं, बाहेर दहा पेशंट खोळंबलेले असतात. आम्ही कोणाला कोट चढवत नाही."

मी म्हटलं, "मग आम्हाला इतके दिवस असं ताटकळत का ठेवलंत, काका?"

"राहुलला सांगायला वेळ हवा होता. बापाला असं सांगायचं म्हणजे काय असतं. तो तयार झाला नव्हता." मग म्हणाले, "तुझ्या बाबतीत मात्र चुकलं. तू शिट्ट्यांच्या आवाजात बसून एकटीच पुढे गेलीस. म्हणून आज खिडकी."

रेफरीनं शिट्टी वाजवली ती आम्ही बघितली, पण आधी मैदानाकडून टाळ्या ऐकल्या होत्या. हरलेल्यांसाठीच्या, सावकाश वाजवलेल्या टाळ्या. युरोप संपला होता.

"शनिवारी राहुल येईल," काका म्हणाले. "त्याला सांगू दे. मला माहीत होतं हे त्याला कळता कामा नये."

शनिवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणावरून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. राहुल टेबलावर डोकं ठेवून रडत होता आणि काका त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नुकतीच वाईट बातमी कळलेल्या माणसाचा धक्का होता. बातमी कळल्यावर बाकावरच्या माणसांचा होणारा तो चेहरा त्यांनी जन्मभर पाहिला होता. मी दोरीवरचे कपडे तसेच सोडून आत आले.

क्लब लीगमध्ये खालच्या डिव्हिजनला घसरण्यापासून वाचला, शेवटून दुसऱ्या रविवारी. काका जुलैत गेले, नव्या सीझनची पहिली मॅच बघायला थांबले नाहीत. क्रिमेटोरियममध्ये आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं. मॉरीन काळ्या ड्रेसवर क्लबचा मफलर घालून आली होती आणि शब्द येत नसताना ओठ हलवत होती.

ऑगस्टमध्ये घर विकायला काढलं. राहुलनं किल्ली माझ्याकडे दिली. "एजंट लोकं बघायला आणणार आहे, ताई, थोडी हवा येऊ दे घरात." पहिल्या घरच्या मॅचच्या दुपारी मी गेले. मॅच आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणता येणार नाही. बंद घराचा वास होता, त्यात जुन्या डाळीचा. मी वरच्या आणि खालच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. टीव्ही राहुलनं नेला होता. दोन खुर्च्या तशाच होत्या, पुढ्यात रिकामी भिंत.

माझ्या खुर्चीत बसले आणि तो आला. छपरांवरून, पूर्ण मोठा, संशयाला जागा न ठेवणारा. गोल. आपला. घरभर भरला तो आवाज.

त्याच क्षणी भिंतीपलीकडे मॉरीनची पावलं धडधडत मागे गेली. घर रिकामं आहे हे तिला माहीत आहे. तरी दार आपटलं, आणि मग काहीच नाही.

मी उठले आणि एकेक खिडकी लावून घेतली. आधी समोरची, मग स्वयंपाकघरातली. एक्स्ट्रॅक्टर सोडला. परत येऊन खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीकडे बघितलं नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

काकांना कळायला अजून थोडा वेळ होता.