गिल्दार्दोचा पाव

मेक्सिकोत ओहाकाकडे जाणारा जुना रस्ता सांता इनेस गावात शिरतो, तिथेच वळणावर ओदिलोनची भट्टी आहे. डोंगरापलीकडून टोलचा नवा रस्ता झाला आणि घाई असलेली माणसं तिकडून भुर्रकन निघून जायला लागली. शेजारचा टायरवाला गेला, खानावळ गेली, रसवाली लेकीकडे राहायला गेली. ओदिलोन तेवढा जागचा हलला नाही. टोल चुकवणारे ट्रकवाले, आणि लहानपणी बापाच्या मांडीवर बसून इथला पाव खाल्लेला, आता स्वतःची पोरं गाडीत कोंबून तोच पाव शोधत येणारा एखादा गृहस्थ, एवढंच गिऱ्हाईक उरलं. पोरं उतरतात, पत्र्याचं ताट आणि चिमटा घेऊन फळ्यांपुढे उभी राहतात आणि जे दिसेल ते उचलू बघतात.

"चिमटा काय एकमेकांची नाकं धरायला दिलाय?" ओदिलोन खेकसतो. पण एक पाव वरचा टाकल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

त्याचा भाचा नव्या रस्त्याला पेट्रोलपंपाशेजारी गाळा बघून आला होता. "मामा, चला तिकडे. इथे माश्यासुद्धा थांबत नाहीत आता."

"आणि भट्टी काय पाठीवर घालून नेऊ?" असं म्हणून ओदिलोनने त्याला वाटेला लावलं. भट्टीचं नुसतं निमित्त होतं, हे भाच्यालाही कळत होतं. ओदिलोनचा एकुलता एक मुलगा गिल्दार्दो याच वळणावर बसमध्ये चढून उत्तरेला, अमेरिकेकडे, गेला होता. परत आला तर उतरणार इथेच. तेव्हा बाप दारात नको?

सरहद्दीवरून त्याचा एक फोन आला होता, गावातल्या दुकानात. उद्या पलीकडे जातोय, आईला सांगा. त्यानंतर पंचवीस-एक वर्षं झाली, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. ओदिलोन येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचा. ड्रायव्हर ही दयाळू जात. म्हाताऱ्याचं तोंड बघून ते सरळ खोटं बोलायचे. कुणी त्याला टोमॅटोच्या मळ्यात पाहिलेलं असायचं, कुणी हॉटेलात भांडी घासताना. एकाने तर त्याचं लग्नही लावून दिलं. ओदिलोनने सगळ्यांवर विश्वास ठेवला.

तोमासाने एकावरही ठेवला नाही. त्याची बायको ती. नवराबायकोचं भांडण वर्षभर झाकलेलं असायचं आणि ऑक्टोबर संपत आला की उघडं पडायचं.

कारण तेव्हा घरोघरचे गेलेले जेवायला येतात. झेंडूची वाट घालायची, ऊद जाळायचा आणि घरातल्या वेदीवर प्रत्येक मृताचा एकेक पाव मांडायचा. पावाच्या कपाळाशी पिठाचा रंगवलेला छोटा चेहरा खोचलेला असतो. माणूस ज्या वयात गेला त्या वयाचा चेहरा, कारण येणारा तसाच येतो आणि आपला चेहरा बघून आपला पाव ओळखतो. गावात कुणाकडे कोण गेलं, कुठल्या वयात गेलं, हे ओदिलोनला पाद्र्यापेक्षा जास्त ठाऊक. चेहरे तोमासा करायची. बोटभर कुंचल्याने भुवया काढताना ती कुणाशी बोलायची नाही. आणि या सगळ्यात एकच गोष्ट कधी करायची नसते. जिवंत माणसाचा पाव भाजायचा नसतो. भाजला की त्याचं आयुष्य तुटलं.

तोमासा भाजायची. म्हणजे गिऱ्हाइकांच्या पावांत एक गिल्दार्दोचा, चेहरा न लावलेला, गुपचूप सरकवून द्यायची. ओदिलोनचं बारीक लक्ष असायचं. तो पाव बाहेर आला रे आला की तो उचलायचा आणि दारात जी पहिली गाडी थांबेल तिच्यात टाकायचा. "घ्या, वाटेत खा."

"अहो, इतक्या लांबून चालत येईल पोर," ती एका वर्षी ओरडली होती, ट्रक अजून वळण घेत होता तेव्हाच. "सगळ्यांच्या घरी वाढलेलं असेल आणि आपल्याच दारात उपाशी उभं राहील? तेही भटाऱ्याचं पोर?"

"तो कुठे मेलाय? तू मार त्याला, मी नाही मारणार."

मग आठवडाभर घरात भांडी तेवढी बोलायची.

गेल्या हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. एका संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "मी तिकडे गेले ना, की पहिलं काम तेच. शोधते त्याला. असला तर घेऊनच येते."

"आधी जा तर, मग बघू," ओदिलोन म्हणाला. असं ते आयुष्यभर बोलत आले होते. ती हसलीही. पण मे महिन्यात ती खरोखरच गेली.

यंदाच्या ऑक्टोबरात त्याने गावाचे सगळे पाव भाजून दिले. त्यातून सुटीच्या गाड्याही थांबत होत्या. मेक्सिको शहराकडून आलेल्या एका कुटुंबाने फळी रिकामी केली आणि त्यातल्या आजीबाईने "घरधनीण दिसत नाही कुठे?" म्हणून विचारलं. "येणार आहे परवा," ओदिलोन म्हणाला. आजीबाईने क्रूसाची खूण केली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. मग ते लोक गेले.

दुपारी रुतिला आपले पाव न्यायला आली. ही गिल्दार्दोची बाप्तिस्म्याची धर्ममाता, म्हणून ती ओदिलोनची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. बाई जिभेने तिखट. ओदिलोन तेव्हा तोमासाचा पाव मळत होता. अंड्यांचे बलक त्याने जरा जास्तच घातले होते.

"पावच करताय ना? का भाकरी थापताय? असं बडवायचं नसतं बाईमाणसाला."

तो हसला नाही. त्याने गोळा वळला, रुतिला बाकावर बसली.

"कोंपाद्रे, ती पहिल्यांदाच येणार यंदा."

"माहीत आहे."

"एकटी येते का ते बघायचं."

मागच्या वर्षापर्यंत याच बोलण्यावर त्याने तिला दाराबाहेर काढलं असतं. आता त्याचे हात पिठातच थांबले. तोमासा बोलल्याप्रमाणे वागायची, हीच तर तिची खोड होती. पोराला घेऊन ती झेंडूवरून चालत येईल. वेदीवर तिचा पाव असेल, त्याचा नसेल. ती भांडणार नाही. गिल्दार्दो जेवल्याशिवाय तिने कधी घास घेतला नव्हता. ती आपला पाव मोडून अर्धा त्याला देईल आणि एकदाच नवऱ्याकडे बघेल. ते बघणं ओदिलोनला सोसणार नव्हतं.

त्याने परातीतून दुसरा गोळा तोडला.

रुतिलाने तोंडावर शालीचं टोक घेतलं.

चेहऱ्यांचा डबा तोमासाच्याच हातचा, उरलेला. रुतिलाने चिवडून एक कोवळा चेहरा काढून दिला, गुळगुळीत गालांचा. "हाच. गेला तेव्हा अस्साच होता माझा राजा."

ओदिलोनने तो तळहातावर घेतला. गावातल्या प्रत्येकाला तो विचारायचा, कुठल्या वयात गेले? आता त्याला कुणाला विचारता येत नव्हतं. हा चेहरा लावायचा तर पोर सरहद्दीवरच, त्याच आठवड्यात संपलं. मग दर वर्षी ते या दारात येत राहिलं असणार, आणि बापाने दर वर्षी त्याच्या तोंडचा पाव ट्रकवाल्यांना वाटला. त्याने चेहरा डब्यात परत ठेवला आणि तळाशी हात घातला. वर आला तो मिशीवाला, कानशिलं पांढरी झालेला.

तो त्याने पावात दाबून बसवला.

"अहो, हे काय करताय? त्याला मिशा कुठे होत्या?"

"फुटल्या असतील."

"आणि कोवळ्या वयातच गेला असेल तर? ओळखणार कसा आपला पाव?"

"आई आहे ना बरोबर. ती दाखवेल."

रुतिलाने चेहऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "पण कोंपाद्रे, एवढा मोठा होईपर्यंत जगला म्हणायचं, तर मग इतक्या वर्षांत आईबापाला एक फोन..." तिने जीभ चावली.

"नाही केला," ओदिलोन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पिठाच्या हातांनी पुसता येत नव्हतं. "खूप वर्षं जगला, पोटभर जेवला आणि आपल्याला विसरला. असं असू दे, कोमाद्रे."

आणि त्याने दोन्ही पाव भट्टीत सरकवले.