पंपाच्या भोकात साबण भरणार नाही

दादा, तू पुन्हा तेच म्हणशील, चार गॅरेज सोडले, हा पोट्टा कुठंच टिकत नाही. सोडले. काहून सोडले, ते आज सगळ्यांसमोर लिहितो.

इथं भनपुरीच्या नव्या गॅरेजात आज सकाळी तांदूळ भरलेला ट्रक आला, इंजिन तापलेलं. वॉटर पंपाखाली एक बारीक भोक असते. आतली सील गेली की पाणी तिथून गळते, म्हणजे आपल्याले समजते. ड्रायव्हरनं त्या भोकातच साबण कोंबला होता.

"थोडा और साबुन भर दे भैया, विशाखापट्टनम पहुंच जाऊंगा."

मी म्हटलं, नाही, घाटात इंजिन जाम होईल, पंपच बदलावा लागते.

गॅरेजचा मालक, आमचा उस्ताद, हसला. "बड़ा इंजीनियर हो गया? बदल. गाड़ी फिर गरम हुई तो कल से मत आना."

पंप काढला, तर त्याची शाफ्ट ढिल्या दातासारखी हलून राहिली होती. जोडावरचं चिकटलेलं जुनं गॅस्केट खरडण्यातच तास गेला, कारण कचरा राहिला तर नवा पंपही गळते. दुपारी गाडी सिलतऱ्यापर्यंत पळवून आणली. इंजिनच्या गरमीचा काटा मधातच होता. उस्तादनं पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं.

"अगली गाड़ी भी तू देख," एवढंच म्हणाला.

मागच्या चारही गॅरेजात असेच साबणासारखे जुगाड करायले लावत होते, म्हणून निघालो. मित्रांनो, याले न टिकणं म्हणतात का? दादाले तुम्हीच सांगा.

अन् दादा, आईच्या चष्म्याच्या पैशाचं तू पाहू नको. फ्रेम तिच्या पसंतीची घे. दोन हजार पाठवून राहिलो.