फुलबॅकने हात द्यायचा नसतो

कारखान्याच्या टीममध्ये मी पाच हंगाम फुलबॅक होतो. त्यातली पहिली दोन वर्षे मला फुटबॉल अजिबात कळत नव्हता, हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण आमच्या स्पोर्ट्स सेक्रेटरीला तो माझ्याहूनही कमी कळत होता. हे साहेब मूळचे पुण्याचे, कचेरीत कामगारांच्या हजेरीचे अधिकारी. गळ्यात शिट्टी अडकवली की आपल्याला खेळ आला, अशी त्यांची समजूत होती.

माझी निवडही त्यांनीच केली. चाकणच्या अलीकडे आमचे गाव. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड होता आणि पाटलांचे पाहुणे म्हणून साहेब खुर्चीवर बसले होते. मी समोरच्याला चितपट केला तशी त्यांनी मला बोलावले, एखादा बैल बाजारात पाहावा तसे मागून-पुढून पाहिले आणि म्हणाले, "फुलबॅक हवा तो असाच." फुलबॅक म्हणजे काय ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. बहुधा त्यांनाही तेवढेच ठाऊक असावे, की तो गोलच्या पुढे उभा राहतो आणि अंगाने दांडगा असतो.

पिंपरीत रुळाच्या पलीकडे आमचा खिळे-स्क्रूंचा कारखाना नवाच निघाला होता. पन्नासनंतरची ती वर्षे. निर्वासितांच्या कॅम्पात पत्र्याची दुकाने उभी राहत होती आणि मोठा कारखाना म्हटला की त्याची फुटबॉल टीम हवीच, असे साहेबलोकांच्या डोक्यात भरले होते. मला पॅकिंग खात्यात लावले. सकाळी खोकी ठोकायची आणि दुपारी दोननंतर मैदानावर पळायचे. आज पेपरात धंदेवाईक खेळाडूंची कौतुके छापून येतात, ती वाचताना मला हसू येते. धंदेवाईक आम्हीही होतोच. फक्त हजेरीपुस्तकात आमचा धंदा हेल्पर असा लिहिलेला असे, आणि तोही तात्पुरता.

तात्पुरता माणूस म्हणजे काय ते सांगतो. दर पाच-सहा महिन्यांनी त्याचे नाव कापायचे, आठवडाभर घरी बसवायचे आणि मग नवा माणूस म्हणून परत घ्यायचे. असा माणूस कधीच जुना होत नाही. कायम झालेल्यांना कारखान्याच्या चाळीत खोली मिळे, तात्पुरत्यांना नाही. माझी बायको आणि आठ महिन्यांची मुलगी सासऱ्यांकडे गावी होती आणि मी कॅम्पात सहा जणांच्या खोलीत दाराशी झोपत होतो. मुलगी मला पाहून रडायची, अनोळखी माणूस आला म्हणून. साहेबांनी आम्हा अकरा जणांना सांगितले होते, "कप आणा, सगळ्यांना कायम करतो." मला कप नको होता. खोली हवी होती.

पहिल्या वर्षी आम्ही फायनलला पोहोचलो. समोर खडकीकडच्या एका वर्कशॉपची टीम. त्यांचा फॉरवर्ड अंगाने किरकोळ, पण पायात भिंगरी. आमच्यासारखाच अनवाणी, घोट्याला पट्ट्या बांधलेला. आमच्या साहेबांनी बूट आणले होते, पण सगळे एकाच मापाचे, म्हणजे साहेबांच्या स्वतःच्या मापाचे. ते तसेच पेटीत राहिले.

एक-एक बरोबरी होती आणि खेळ संपत आला होता. फॉरवर्ड बॉल घेऊन माझ्या अंगावर आला. मी खांद्याचा धक्का दिला. तसा धक्का कायद्यात बसत होता, रेफ्रीने शिट्टी मारली नाही. तो उताणा पडला, बॉल बाजूला गेला, आणि मी वाकून त्याला हात दिला.

यात विचार केल्यासारखे काही नव्हते. आमच्या तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नसत, हे शिकवत. आपण पाडलेला माणूस आपणच हाताला धरून उठवायचा, त्याच्या पाठीची माती झाडायची आणि मगच लोकांकडे तोंड करायचे. दहा वर्षे हे केल्यावर हात आपोआप पुढे जातो. त्याने माझा हात घट्ट धरला, सावकाश उठला, आणि मी त्याची पाठ झाडत असताना माझ्या मागे गोल झाला.

लोक हसून हसून लोळले. मांडवाखाली साहेबलोकांच्या बायका रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. साहेब माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पैलवान, आपण कोणत्या टीमचे?" कायम कुणीच झाले नाही. माझ्या टीमचे दहाजण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यात मला त्यांचे काही चुकले असे वाटत नाही.

पुढल्या वर्षी साहेबांनी मला सुधारायचे मनावर घेतले. पॅकिंगमधला एक हमाल माझ्यापुढे मुद्दाम पडायचा आणि मी त्याच्याकडे न पाहता बॉलमागे पळायचे. माझा हात नुसता हलला तरी साहेब शिट्टी फुंकायचे. तो बिचारा दिवसातून तीसदा पडायचा आणि शेवटी वैतागून म्हणायचा, "उचल रं बाबा एकदा, कंबार गेली माझी." साहेब या प्रकाराला ट्रेनिंग म्हणत. पडलेल्या माणसाला न उठवण्याचे शिक्षण दोन महिने घ्यावे लागलेला माणूस या मुलुखात मी एकटाच असेन. पण मी शिकलो. चांगलाच शिकलो.

फायनलला पुन्हा तीच टीम, तोच फॉरवर्ड. पुन्हा बरोबरी. तो आला, मी खांदा दिला, त्याचा पाय बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत अडकला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. बॉल दोन हातांवर होता. तो ओरडला नाही. आडवा पडून माझ्याकडे पाहत त्याने हात वर केला.

मला दिसले नाही, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगितले. मला दिसले होते. हातही दिसला, पायही दिसला. मी बॉल गाठून जीव खाऊन पुढे मारला, आमच्या फॉरवर्डने त्यावर गोल केला, आणि त्यानंतर लोकांचे लक्ष त्या पडलेल्याकडे गेले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात शिस्त," म्हणाले. मी त्यांच्याबरोबर हसलो.

महिन्याभरात कायम झालो. चाळीत खोली मिळाली, बायको-मुलगी आली, मुलगी आठ दिवसांत सरावली.

त्या फॉरवर्डचे घर चाकणच्या बाजारात आहे, वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे, असे कुणीतरी सांगितले. दोन-तीन वेळा दुकानावरून न थांबता गेलो. मग एकदा थांबलो. तो स्टुलावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून पाहत होता. एक पाय सरळ पुढे होता, तो वाकत नव्हता. त्याने मला ओळखले.

"झालास का कायम?"

"व्हय," मी म्हणालो. "तू?"

"न्हाई. आमच्या सायबानंबी त्योच वायदा केला हुता. पयल्या साली कप आला, तर म्हनला पुढल्या साली. आन पुढल्या साली ह्यो पाय." त्याने ट्यूब पुसली. "येक सांगू का पैलवान? त्या पयल्या टायमाला मला काय लागलं नव्हतं. बॉल कुटं हाय ते दिसत हुतं मला. म्हनून तुजा हात सोडला न्हाई."

तो हसला. "औंदा मातर खरंच मोडला हुता, राव."

त्याने माझ्या चाकात हवा भरून दिली. मी निघालो आणि पिंपरीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर मला हलके वाटत राहिले. त्यानेही फसवले, मीही फसवले, फिट्टंफाट झाली, असे मी सायकल मारता मारता स्वतःला सांगत होतो. आमच्या साहेबांना मी आयुष्यभर नावे ठेवली, आणि ती त्यांना शोभतही होती. पण त्या संध्याकाळी जो हलका होऊन घरी आला आणि दोन भाकरी जास्त जेवला, त्याच्याइतकी किळस मला साहेबांचीही कधी आली नाही.