सोबत कोण?

ऊन सकाळीच असं तापलं होतं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा गटाराच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलं होतं. इस्त्रीवालीनं कोळसे फुलवले, इस्त्रीचं झाकण बंद केलं आणि चादरींचा गठ्ठा सोडला. डाव्या हातावर डायलिसिसची शीर दोरखंडासारखी फुगलेली. त्या हातानं जड उचलायचं नाही, म्हणून सगळं ओझं उजव्यावर. बादलीतलं पाणी ओंजळीनं चादरींवर शिंपडायची. तिच्या स्वतःच्या वाट्याला दिवसाचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, घोट-दोन घोट. घसा सुकला की चूळ भरायची नि थुंकायची.

"कपड्यांना पाजते आणि माझाच उपास," असं म्हणायची. ऐकणारे हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातंय?

या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी काढली. सासू अंथरुणाला खिळली, तिचं हगणं-मुतणं हिनं काढलं. नवरा खोकून खोकून गेला, त्याचं थुंकीचं भांडं हिनं धुतलं. मुलाला कावीळ झाली तेव्हा त्याच्या उशाशी ही बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची, पाठ टेकली नाही. मग हिच्याच किडन्या गेल्या. मुलाचा रक्तगट जुळेना, म्हणून नाव प्रतीक्षायादीत. तेव्हा मुलाचं लग्न व्हायचं होतं. "ऑपरेशननंतर आईपाशी मी राहीन," अशी सही त्यानंच ठोकली होती. आता त्याचं पोर शाळेत जातं.

चादरीची दुसरी घडी घालताना फोन वाजला. दवाखान्यातली बाई बोलत होती. किडनी आली आहे, गट जुळतोय, काही खाऊ-पिऊ नका, ताबडतोब निघा, सोबत माणूस आणा.

इस्त्रीवालीनं मुलाला फोन लावला. उचलला नाही. शेजारची भाजीवाली टोपली टाकून धावली. हिला सारी गल्ली तोफ म्हणते, कारण हिचं कुजबुजणंही नाक्यापर्यंत पोचतं.

"चल गं! मेल्याची वाट बघत बसलीस तर किडनी नासेल!"

दवाखान्यात रक्त काढलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. इस्त्रीवाली बाकावर बसली होती, पण तिचा चेहरा असा उजळला होता की तोफेलाही पुढं काही बोलवेना. शेजारच्या बाकावर एक कारखानदार. अशा वेळी दोघांना बोलावतात, पहिल्याचं अडलं तर किडनी दुसऱ्याला मिळते. पहिली ही होती, दुसरा तो. याचं नाव म्हणे तीन शहरांतल्या तीन दवाखान्यांत होतं. जिथं आधी मिळेल तिथं गाडी काढायची. त्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या गणवेशातले दोन भाडोत्री सेवक उभे होते.

फोनवाली बाई फाईल घेऊन आली. "मावशी, सोबत कोण?"

"ही."

"नातं?"

"भिंतीला भिंत," तोफ म्हणाली. "मी राहते हिच्याजवळ. पाहिजे तेवढं."

"तसं चालत नाही. जवळचा नातेवाईक लागतो, नाहीतर शिकलेला सेवक. आणि घरी वेगळी खोली, संडास आतच."

"गल्लीला मिळून एक संडास आहे, बाई."

"मग मुलाकडे राहावं लागेल. सही त्यांची आहे ना? लावा फोन."

या वेळी उचलला. बाईनं फोनचा आवाज मोठा केला.

"आई, आत्ता? अगं, हिच्या माहेरची माणसं आलीत. आणि घरात लहान पोर. ते इन्फेक्शन-बिन्फेक्शन... दोनच खोल्या आहेत आपल्याला. बघतो मी. संध्याकाळपर्यंत सांगतो."

"संध्याकाळपर्यंत किडनी थांबत नाही," बाई म्हणाली.

"बघतो म्हणालो ना," तो म्हणाला आणि फोन बंद.

डॉक्टर आले. आवाज मऊ, लोण्यात बुडवलेला. "मावशी, देणाऱ्याच्या घरच्यांचा विचार करा. किडनी वाया जाता कामा नये. काळजी घेणारं नसेल तर ती टिकत नाही. या शेजारच्या साहेबांकडे सोबत आहे."

"ती भाड्याची!" तोफ गरजली. "माझी फुकटची चालत नाही आणि त्याची भाड्याची चालते?"

"ते शिकलेले आहेत," डॉक्टर म्हणाले. "नियम आहे."

नियम! तोंडावर थुंकावं असं वाटलं, तरी बोट दाखवायला जागा नाही, असा धुतलेला, घडी घातलेला नियम.

"मावशी, यादीत तुमचा नंबर तसाच राहतो हं. जात नाही," फोनवाली बाई म्हणाली.

"नंबर जात नाही. माणूस जातं," तोफ म्हणाली. पहिल्यांदाच हळू.

कारखानदाराला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. त्याची बायको मागं राहिली. तिनं इस्त्रीवालीच्या हातात फळांच्या रसाचा डबा कोंबला. डायलिसिसवाल्याला हा रस म्हणजे विख, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? घरात तसाच रोगी होता की.

"यांच्यासाठी प्रार्थना करा हं. तुमच्यासारख्यांचं देव ऐकतो."

इस्त्रीवालीनं डबा बाकावर ठेवला आणि उठली.

उन्हं उतरताना मुलगा तिच्या घरी आला. चपला न काढता दारात उभा राहिला.

"झालं ऑपरेशन?"

"झालं. दुसऱ्याचं."

"अरेरे," तो म्हणाला. पण त्याचे खांदे आधी सैल झाले आणि अरेरे मागून आलं. तिनं ते पाहिलं. सासूच्या हगण्या-मुतण्याची तिला कधी शिसारी आली नव्हती, नवऱ्याच्या थुंकीची आली नव्हती. पोटच्या पोराची आली.

"पुढच्या वेळी नक्की, आई. मी बघतो ना."

"काय बघशील?"

"रागावलीस?" तो म्हणाला.

"राग आला असता तर बरं होतं रे," ती म्हणाली. "ती सही मागे घे. उद्याच जा. मी लिहून देते, मला कुणी नाही."

"असं काय बोलतेस? लोक काय म्हणतील?"

तिनं इस्त्रीतली राख बाहेर झटकली, नवे कोळसे भरले आणि वाऱ्याच्या बाजूला तोंड करून फुंकू लागली. कोळशांनी धग धरल्यावर तिनं कुणाचा तरी सदरा टेबलावर पसरला आणि आधी कॉलर घेतली.