फोटोबाईचं शेवटचं गिऱ्हाईक

फोटोबाई माणसाला आधी उजेडात उभं करायची आणि मग नाव विचारायची. तहसीलचा साहेब असो नाहीतर शेळ्या राखणारी म्हातारी, हनुवटीला दोन बोटं लावून तोंड खिडकीकडं वळवायचं, मग पुढचं बोलणं. एकदा एक फौजदार पासपोर्ट फोटोला आले. त्यांच्या हनुवटीला असा हात कुणी लावला नसेल. ते काही बोलायच्या आत ही म्हणाली, "साहेब, मान जरा खाली. दरडावताना वर करा." फौजदारांनी मान खाली घेतली. फोटो इतका गरीब आला की त्यांच्या बायकोनं तो मोठा करून भिंतीला लावला, असं ऐकलं.

ही फोटोबाई माझी बायको. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं, मीसुद्धा नाही. भीमपूरच्या पुढं पैनगंगेच्या काठावर आमचं गाव, नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आमचं तेलंगण. मी वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावणारा माणूस, चौथीत शाळा सुटली. ती आठवी शिकलेली, आणि हे मला कधी विसरू द्यायची नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. बायामाणसं पुरुष फोटोवाल्यापुढं अवघडतात, म्हणून आजूबाजूच्या गावांतून तिच्याकडं यायच्या. मागच्या पोळ्यानंतर ती गेली. घरात बोलायला आता कुणी नाही, म्हणून कागदाशी बोलतो. कागद निदान मधेच उठून चहा ठेवायला जात नाही.

तिचं एक ठरलेलं बोलणं होतं: "उजेड बाजूनं पाहिजे. समोरून उजेड पोलीस मारतात." लग्नात मात्र हे तत्त्व पिशवीत गुंडाळून ठेवावं लागायचं. आमच्याकडं नवरी गोरी दिसली नाही तर दोन्हीकडचे पाहुणे फोटोवाल्याच्या अंगावर येतात. मग मोठ्यात मोठा फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा आणि सरळ तोंडावर मारायचा. चांगली सावळी, तरतरीत पोर भिंतीसारखी पांढरी निघायची आणि मांडव खूश व्हायचा. ही घरी येऊन पाय धुता धुता म्हणायची, "आज पुन्हा चुना मारून आले."

गावाच्या खालच्या अंगाला नदीचा डोह आहे, काठावर महादेवाचं देऊळ. त्या डोहातले मासे देवाचे. त्यांना कुणी धरत नाही, उलट सोमवारी कणकेच्या गोळ्या आणि मुरमुरे टाकतात. त्यातला सगळ्यात मोठा मासा सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांच्या आधी खातो, म्हणून त्याचं नाव पाटील. एका सोमवारी गोळ्या टाकता टाकता ही थांबली.

"अवो, इतकी वर्षं याले जेवू घालून राह्यलो. याचं तोंड पाह्यलं काय तुमी?"

"मासा हाये तो. माशासारखंच असंल."

"वरून पाठ तेवढी दिसते. पाठ तर रुसलेल्या जावयाचीबी दिसते. ज्याले जेवू घालतो, त्याचं तोंड नको पाहायले?"

मी म्हटलं, जावयाचं पाहून काय सुख लागलं? पण तिच्या डोक्यात ते बसलं ते बसलं.

त्याच वर्षी हिवाळ्यात तिच्या किडन्यांनी हात टेकले. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभरात गळ्याजवळ नळी बसवायची आणि मशीनवर रक्त धुवायला यायचं. मी पथ्यपाणी विचारत होतो. तिनं एकच विचारलं, "नळी बसल्यावर नदीत उतरता येते काय?" डॉक्टर म्हणाले, अंघोळसुद्धा जपून करायची, नदीचं नाव काढू नका. बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो. ही मला कोपरानं ढोसून म्हणते, "म्हणजे पाटलाचा फोटो नळीच्या आधी काढा लागते."

कॅमेऱ्यासाठी पाण्यात चालणारा डबा तिनं मागवला होताच. डोहात बुडवून पाहिला, तर फोटोत हिरवं कालवण आणि त्यात एक सावली. पाण्याखाली उजेड पोहोचतच नाही. म्हणून आम्ही आदिलाबादला तिच्या जुन्या ओळखीच्या दुकानात दिवा घ्यायला गेलो.

दुकानदार हसून म्हणाला, "अम्मा, आदिलाबाद में समंदर कब आया?"

"समंदर रहने दो भैया, तुम बत्ती दिखाव."

त्यानं आधी एक सारखा जळणारा दिवा काढला, टॉर्चसारखा. तो हिनं हातसुद्धा लावायच्या आधी परत केला. "टॉर्च पाहून पाटील पळंल. तो काही चोर नाही." मग त्यानं झपकन पेटून विझणारे दोन दिवे काढले, एक मोठा, एक लहान. त्यांना तो स्ट्रोब म्हणत होता. हा उजेड माशाला पळायचं सुचायच्या आत येऊन जातो, म्हणाला. मोठा दिवा पाण्यात किती खोल चालतो हे तो सांगायला लागला, तर ही म्हणाली, "तितकं खोल गेल्यावर आमच्या गावात बोअरचं पाणी लागते. आमाले कमरेपर्यंत पुरे." मग दोन्ही दिवे पेटवून कोणता लवकर दम घेतो ते पाहत बसली. लहान लगेच पुन्हा तयार व्हायचा, मोठा रेंगाळायचा.

"अम्मा, एक फोटो के बाद थोडा रुकना पडता."

"मासा काही नवरदेव नाही ना भैया. पुन्हा हार घाल म्हटलं की घालायले!"

तरी मन मोठ्याकडंच ओढत होतं. माझंही आणि, खरं सांगायचं तर, तिचंही. लग्नातली सवय. दुकानदार भला माणूस. म्हणाला, दोन्ही घेऊन जा, वापरून पाहा आणि नको असेल तो परत आणा.

घरी आल्यावर तिनं म्हशीच्या हौदात नदीचा गाळ कालवला, डोहासारखं पाणी व्हावं म्हणून.

मी म्हटलं, "आता मासा कुठून आणतं?"

"हा काय उभा हाये."

मी हौदात डोकं घातलं. वर काढलं की ती ओरडायची, "तोंड उघडं ठेवा, पाटलासारखं! मिटलं तं खालमानेचे जावई दिसता." दोनचारदा असं झालं. शेजारची वच्छलाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, म्हशीच्या पाण्यात काऊन तोंड घालून राह्यले?"

"दिवा घेऊन राह्यलो," ही म्हणाली.

"दिवा घ्यायले नवरा बुडवा लागते काय?"

"तुमचाबी आणा. दोघं मासे झाले तं लवकर आटपंल."

मग आम्ही तिघांनी कॅमेऱ्यात पाहिलं. मोठ्या दिव्याचा फोटो म्हणजे जिनिंगच्या शेडमध्ये कापूस उडावा तसा. पांढरे ठिपकेच ठिपके. ही म्हणाली, "यात तुमी कुठं हाये?" मी बोट ठेवलं. ते माझं नाक नव्हतं, शेणाचा तुकडा होता. लहान दिव्यात कापूस कमी, पण कापूसच.

ती हौदाच्या काठावर बसली. मी डोकं पुसत होतो. मग एकदम तिनं कपाळावर हात मारला. "चुना मारला मी! पाण्यालेबी चुना मारला!" दोन्ही दिवे तिनं कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवले होते, जसे लग्नात बसवतात. उजेड समोरून गेला, पाण्यातल्या गाळावर आपटला आणि तिच्याच डोळ्यात परत आला. जितका मोठा दिवा, तितका गाळ उजळ. लहान दिवा तिनं सोडवला, बांबूच्या काठीला बांधला, त्याची वायर कॅमेऱ्याला तशीच ठेवली आणि काठी वच्छलाबाईच्या हातात दिली. "वयनी, हात लांब करा. आणखी लांब. यांच्या कानाच्या बाजूनं." मी पुन्हा डोकं बुडवलं.

या वेळी कापूस नव्हता. मीच होतो, नाकातल्या केसांसकट.

वच्छलाबाई म्हणाली, "मासा बरा दिसते यापरीस."

मी म्हटलं, लहान दिवा घेतला तर लोक हसतील. फोटोबाईनं तोवर मोठा दिवा खोक्यात भरलाही होता.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही डोहावर गेलो. सकाळची वेळ, पाणी बर्फासारखं. पुजारीबुवांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, पट्टा चामड्याचा आहे, डोहात चालणार नाही. बरोबरच होतं. त्या डोहात चप्पल-पट्टा घेऊन कुणी उतरत नाही. हिनं वाद घातला नाही. पट्टा काढून जुन्या लुगड्याचा काठ फाडून कॅमेऱ्याला बांधला, लुगडं खोचलं आणि कमरेपर्यंत पाण्यात उतरली. मी काठी लांब धरून तिच्या बाजूला. बुवा वरून गोळ्या टाकत होते.

लहान मासे आले, मधले आले, एकमेकांवर चढले. पाटील येईना. तिचे दात वाजायला लागले. मी म्हटलं, "चाल आता. उद्या दवाखान्यात जायचं हाये."

"उद्या जायचं हाये म्हणूनच उभी हाये."

"थंडी बाधंल."

"बाधू द्या. अवो, उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक भेटलं नाही. याचे डोळे मिटतच नाही! लग्नात एकाचे उघडे तं दुसऱ्याचे बंद. हा एकटा सरळ पाहणारा."

बुवांची शेवटची मूठ पडली आणि सगळे मासे एकदम बाजूला सरले. खालून तो आला. मला नुसतं पाणी जड झाल्यासारखं वाटलं. तिनं कॅमेरा बुडवला. झपकन उजेड झाला. आणखी एकदा झाला. मग पाणी होतं तसं झालं.

काठावर ओल्या लुगड्यात बसून तिनं कॅमेरा माझ्यापुढं धरला. जाड ओठ, चार मिशा आणि असा चेहरा की कुणी उधारी मागायला आलंय.

"हा तं तुझा थोरला भाऊ!"

"माझ्या भावाले नावं ठेवू नका," म्हणाली, पण पुन्हा फोटो पाहिला आणि हसू आवरेना. "नाक तेवढं मिळते."

नंतर दवाखाना. ठरल्या वारी मशीन. तो फोटो ती पिशवीत घेऊन जायची. तेलुगू बोलणाऱ्या नर्सा जवळ येऊन "अम्मा, चेपा?" म्हणजे मासा का, असं विचारायच्या, आणि ही मोडक्या तेलुगूत त्यांना पाटलाचं सगळं घराणं सांगायची. पण मशीनवर चार तास पडून राहिलं की तिचा डोळा फोटोतल्या चुकांवर जायचा.

"अर्धं तोंड अंधारात गेलं याचं. डाव्या अंगानं. तुमचा हात खाली गेला."

"गेला असंल."

"काऊन गेला? हौदापाशी वयनीचा गेला नाही. काठी जड होती काय?"

मी म्हटलं, "मी माशाकडं पाहत नव्हतो. तुह्या पायाकडं पाहून राह्यलो होतो. थरथर कापत होते. पडली असती तं काठी सोडून तुले धरलं असतं."

मला वाटलं, आता ऐकवील. उजेड धरणाऱ्यानं गिऱ्हाईकाकडं पाहावं, वगैरे. मशीन घरघरत होतं. फोटो तिनं पोटावर ठेवला, थोड्या वेळानं उचलून पाहिला, पुन्हा ठेवला.

"असू द्या मग तेवढा अंधार," म्हणाली.

आता तो फोटो डोहावरच्या देवळात आहे. बुवांनी काच लावून दिली. जत्रेला येणारे लोक पाटलाच्या पाया पडतात, मग फोनवर त्याचा फोटो घेतात आणि मला सांगतात, "आजोबा, डावी बाजू काळी आली. एका मिनिटात उजळ करून देतो, नवीन प्रिंट लावा." भली माणसं असतात. त्यांना चहा पाजतो. फोटोला मात्र हात लावू देत नाही.