तिरंग्याचं तिकीट आणि आई

मंडळी, तक्रार गंभीर आहे. अमृतमहोत्सवाच्या टपाल तिकिटावर तिरंगा आहे. त्याला जीभ लावून ते उष्टं करावं की नाही, यावर एकही स्मृतिकार बोलत नाही.

आज नेरच्या ताईच्या पाकिटावर लावायला ते काढलं, तर आईने झडप घालून तांदळाच्या डब्यात लपवलं.

"आई, तिकीट दे ना."

तिने हात जोडले. "बाबा घरी नाईत जी साहेब. मले काईच मालूम नाई."

बेचाळीसमध्ये तिचे वडील भूमिगत होते. पोलीस आले की एवढंच सांगायचं, असं त्या पोरीला शिकवलेलं.

"अगं, मी तुझा मुलगा," म्हणत पुढे झालो, तर ती भिंतीला चिकटली.

ती मला विसरली, हे सोसतोय. पण आता ती मला घाबरते. संध्याकाळी तिला भरवायला जवळ कसं जायचं, तेच कळत नाही.