डाव्या बाजूचा डाग

आमचा कॅमेरा कपड्यांच्या आतलं बघणार होता. निदान आशा तरी तशी होती. माणसाच्या अंगातून टेराहर्ट्झ लहरी सतत बाहेर पडत असतात, अगदी क्षीण, आणि त्या कपड्यातून आरपार जातात. त्या टिपायला आम्ही नायोबियमचा इवलासा डिटेक्टर केला होता. तो चालायचा फक्त द्रवरूप हीलियमच्या गारठ्यात, आणि हीलियम कितीही जपलं तरी उडून जायचं. ते आहे तोवर प्रयोग उरकावा लागे.

चाचणीला कुणीतरी शर्टाच्या आत पाना लपवून स्टुलावर बसायचं आणि मी यंत्र चालवायचं, अशी आमची रीत. पण बसणारी मुलं एकेक करत हिंजवडीच्या कंपन्यांत गेली. त्या दिवशी प्रयोगशाळेत उरलो मी आणि माझे मार्गदर्शक सर.

"सर, तुम्ही बसता?"

ते जरा घुटमळले. "बसतो. या वयात मला कोण बघतंय!"

ठिपक्याठिपक्याने चित्र उमटू लागलं. सरांचे खांदे, छाती, शर्टाआडचा पाना, सगळं स्वच्छ. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात पोटाच्या डाव्या बाजूला एक काळसर डाग आला. पुन्हा चित्र घेतलं. पुन्हा तोच. इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली, असंच वाटलं मला.

"सर, डिटेक्टर बिघडलाय. डावीकडे डाग येतोय."

सरांनी शर्टावरूनच डाव्या कुशीवर हात ठेवला. नुसतं "असेल" म्हणाले असते, तर विषय तिथेच मिटला असता.

"अहो, डिटेक्टर उत्तम आहे," ते म्हणाले. "आतड्याचा कॅन्सर झालाय मला. ऑपरेशननंतर पोटाला पिशवी लावलीय. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, तेवढं बघा."

मला रडू कोसळलं.

"रडायला सवडीनं बसा. हीलियम उडतंय, पुढचं चित्र घ्या."

प्रबंधात मी ते चित्र पोटाचा भाग कापून घातलं. सरांनी मसुदा परत पाठवला. समासात लाल शाईत लिहिलं होतं, "चित्र पूर्ण द्या. लपलेलं दिसतं, हेच तर सिद्ध करायचंय."

मी पूर्ण दिलं. तोंडी परीक्षेच्या आधीच सर गेले. परीक्षकांना नेमकं तेच चित्र आवडलं. डावीकडे बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा पाना, ठीक. पण ही दुसरी वस्तू कोणती?"

मी म्हणाले, "पाण्याची पिशवी ठेवली होती, सर. चाचणीसाठी."